नवख्या घोड्याला ठेंगणी उडी का?

बुलढाण्याच्या राजूर घाटात वळणापलीकडचे दिसत नाही, म्हणून एसटीचा चालक वेग आधीच कमी करतो. नवख्या घोड्याचा स्वारही असेच करतो.

‘इव्हेंटिंग’ या अश्वस्पर्धेत तीन परीक्षा असतात : शिस्तबद्ध चाल, अडथळ्यांची मैदानी दौड आणि रिंगणातील उड्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी ‘शहजादा’ घोड्यावर यात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले.

तरुण घोड्यात ताकद भरपूर असते. मग सुरुवातीला ठेंगणे अडथळे का? घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. कपाळासमोरची अगदी जवळची वस्तू त्याला दिसत नाही. त्यामुळे उडीचा अंदाज आधीच घ्यावा लागतो, आणि तो सरावानेच जमतो.

अंदाज चुकला तर? स्वारासह वस्तुमान ५०० किलोग्रॅम धरू. सेकंदाला ६ मीटर वेग असता गतिज ऊर्जा ½ × ५०० × ६² = ९,००० ज्यूल; ८ मीटर असता १६,००० ज्यूल! वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक झाली. मैदानी दौडीतले ओंडके बहुधा पक्के असतात. धडक घोड्याला व स्वारालाच सोसावी लागते.

म्हणून आधी ठेंगणा अडथळा, बेताचा वेग. सायकल शिकताना तुम्ही तरी पहिल्याच दिवशी घाट उतरला होता का?