औषधापर्यंतची वाट

एच. आय. व्ही. या विषाणूवर आज औषधें आहेत, हें सुशिक्षित घरांतून आतां सर्वांस ठाऊक आहे. हा विषाणु शरीरांतून समूळ जात नाहीं. परंतु ठरलेल्या गोळ्या रोज नियमानें घेतल्या, तर रक्तांतील त्याचें प्रमाण इतकें खालीं येतें कीं तपासणींत तो सांपडेनासा होतो, आणि ही स्थिति टिकली म्हणजे अशा माणसापासून शरीरसंबंधांतून दुसऱ्यास लागण होत नाहीं. सरकारनें हीं औषधें १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास आरंभ केला. २०१७ पासून तर लागण आढळतांच, प्रकृति ढासळण्याची वाट न पाहतां, उपचार सुरू करण्याचें धोरण आहे. असें असतां ज्यांस धोका सर्वांत अधिक, त्यांतले कित्येक दवाखान्याच्या दाराशीं पोहोंचत नाहींत, हें कसें?

याचें उत्तर औषधांत नाहीं, भीतींत आहे. गोव्यांतील डॉमिनिक डिसोझा हा तरुण स्वेच्छेनें रक्तदान करणारा. १९८९ सालीं त्याच्या रक्तांत हा विषाणु आढळला, आणि त्या वेळच्या कायद्याच्या आधारें त्यास क्षयरोग्यांच्या एका जुन्या रुग्णालयांत ६४ दिवस कोंडून ठेवण्यांत आलें. त्याच्या आईनें उच्च न्यायालयांत दाद मागितली. परंतु न्यायालयानें तो कायदा वैध ठरविला. तपासणीचें फळ हें असेल, तर तपासणीस जाणार कोण? रक्तदात्याची ही गत. मग देहविक्रय करणारी स्त्री, तृतीयपंथी, किंवा सुईनें नशा करणारा मनुष्य यांनीं कोणती आशा धरावी?

कोलकात्याच्या सोनागाछी वस्तींत १९९२ सालीं डॉ. स्मरजित जाना यांनीं जें काम आरंभिलें, त्याचें मोल येथें कळतें. बाहेरचे उपदेशक आणण्याऐवजीं त्यांनीं वस्तींतल्याच स्त्रियांस शिकवून तयार केलें. त्या दारोदार जाऊन रोगाची माहिती देत, निरोध वाटीत, दवाखान्याची वाट दाखवीत. साहेबाचा उपदेश आणि शेजारणीचें सांगणें यांतील अंतर संसारी माणसांस समजावून सांगावयास नको. तरी एक अडचण उरली. एकीनेंच निरोधाचा आग्रह धरला, तर गिऱ्हाईक उठून पुढच्या दारीं जातें. म्हणजे ‘नाहीं’ म्हणावयाचें तर साऱ्या गल्लीनें म्हटलें पाहिजे. आणि जिच्या डोक्यावर सावकाराचें कर्ज, ती नाहीं म्हणणार कशी? १९९५ सालीं त्या स्त्रियांनीं ‘उषा’ नांवाची स्वतःची सहकारी संस्था काढली. नोंदणींत आपणांस ‘गृहिणी’ म्हणवून घ्यावें, असें त्यांस सुचविण्यांत आलें. तें त्यांनीं मानलें नाहीं. रोगप्रतिबंधाशीं पतपेढीचा काय संबंध, असें कोणास वाटेल. पण पेढींतील शिल्लक हीच तेथें रोग टाळण्याची शक्ति ठरली.

महाराष्ट्रांत सांगलीच्या गोकुळनगरांत ‘संग्राम’ या संस्थेनें त्याच सुमारास हाच मार्ग धरला, आणि १९९६ सालीं तेथील स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी राहिली. नांवांतील पहिला शब्द अनेकांच्या कानास खटकतो. त्या स्त्रियांनीं तो टाळला नाहीं.

कायदाही पालटला. २०१७ सालीं मंजूर होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें संमतीवांचून तपासणी करणें वा लागण झाल्याचें उघड करणें यांस सामान्यतः मनाई केली आहे, आणि नोकरींत, शाळेंत वा उपचारांत भेदभाव करण्यासही. परंतु ज्या स्त्रीजवळ पत्त्याचा पुरावा नाहीं, तिची अडचण दवाखान्याच्या फार अलीकडे सुरू होते. रेशन नाहीं, बँकेंत खातें नाहीं, भाड्याच्या खोलीचा कागद नाहीं. १९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, अशा स्त्रियांस एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून, पत्त्याचा पुरावा न मागतां, आधारपत्र द्यावें. आणि त्या पत्राच्या नोंदींत त्यांचा व्यवसाय ओळखूं येईल अशी कोणतीही खूण असतां कामा नये.