फसवें पाखरूं आणि पिकाची राखण

तापीकांठच्या काळ्या जमिनींत दादर ज्वारीचें कणीस दुधावर आलें, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवास स्वस्थता राहत नाहीं. पेरणीच्या वेळीं होले व पारवे उघडें राहिलेलें बीं टिपून नेतात, मोर कोंवळे कोंब उपटतात, आणि दाणा भरूं लागला कीं पोपट व चिमण्या यांचे थवे कणसांवर तुटून पडतात. माळ्यावर उभें राहून दिवसभर गोफण फिरविणारा गडी आतां पूर्वीसारखा मिळत नाहीं. आणि मोठ्या आशेनें उभारलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर चार दिवसांतच कावळा येऊन बसतो. अशा वेळीं पाखरांच्या स्वभावाचें ज्ञान ज्याला अधिक, त्याच्या पदरांत दाणा अधिक पडतो.

हें ज्ञान सर्वांत अधिक कोणास असेल, तर तें शिकाऱ्यास. त्याचें पोटच त्यावर अवलंबून असे. पाखरास बोलावून आणण्यासाठीं शिकारी दुसऱ्या पाखराचा उपयोग करितो. कधीं जिवंत, कधीं लाकडाचें किंवा कापडाचें. येथें त्यास आपण फसवें पाखरूं म्हणूं. शिकार कशी करावी हें शिकविण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. ती गोष्ट आज कायद्यानें बंद आहे, व तिचा विचार पुढें केला आहे. परंतु पाखरूं कोणत्या कारणानें शेतांत उतरतें, हें ज्या विद्येनें शिकाऱ्यास कळलें, तीच विद्या उलटी फिरविली असतां राखणदाराच्या कामास येते.

पाखरूं कां उतरतें

आकाशांतून जाणाऱ्या थव्यास खालीं दाणा पडला आहे कीं नाहीं, हें उंचावरून सहसा दिसत नाहीं. त्याला दिसतात तीं खालीं चरणारीं दुसरीं पाखरें. आपल्याच जातीचीं पांचदहा पाखरें मान खालीं घालून टिपीत आहेत, एवढें पाहिलें म्हणजे त्यास दोन गोष्टी कळतात. एक, येथें खाद्य आहे. आणि दुसरी, येथें भय नाहीं. थव्यांत डोळे पुष्कळ असतात, त्यामुळें एकट्या पाखरापेक्षां थव्यांतील पाखरूं निर्धास्तपणें चरतें.

इंग्लंडांत एक मोठ्या अंगाचें रानकबूतर आहे. तें शेतांतील धान्य व कोबी-मोहरीच्या जातीचीं पिकें यांची फार नासाडी करितें, म्हणून ठराविक अटींवर त्यास मारण्याची तेथें मुभा आहे. तेथील शिकारी कबुतरांच्या बनावट आकृति शेतांत घोड्याच्या नालाच्या आकारांत मांडितात. आकृतींचीं तोंडें बहुतेक वाऱ्याकडे ठेवितात. कारण चरणारें पाखरूं पिसें विसकटूं नयेत म्हणून वाऱ्यास सामोरें राहतें, आणि उतरणारें पाखरूंही वाऱ्याच्या समोरूनच उतरतें. नालाच्या मध्यें जागा मोकळी सोडितात, म्हणजे येणारा थवा नेमका तेथें उतरतो. मारलेलें पाखरूं उताणें पडलें असेल तर शिकारी तें लगेच उचलतो किंवा सरळ बसवितो. कारण उताणें पाखरूं दिसतांच वरचा थवा बिचकून निघून जातो. ही शेवटची गोष्ट राखणदारानें लक्षांत ठेवावी.

परजातीच्या पाखराचा भरंवसा

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. अनुभवी शिकारी केवळ कबुतरांच्याच आकृति मांडून थांबत नाहीं. तो थोड्या अंतरावर, कडेला, एकदोन कावळ्यांच्या आकृति ठेवितो. अमेरिकेंत बदकांची शिकार करणारे लोक तळ्याच्या कांठीं बगळ्याची आकृति उभी करितात. शिकार करावयाची कबुतराची किंवा बदकाची. मग कावळा व बगळा कशास?

याचें उत्तर असें कीं, कावळा हा पक्ष्यांमध्यें अत्यंत संशयी. माणसाचा हात दगडाकडे गेला तरी तो उडतो. बगळाही उथळ पाण्यांत तासन्‌ तास स्तब्ध उभा राहतो तो चोहींकडे नजर ठेवून. असा सावध पक्षी जेथें निवांत बसला आहे, तेथें धोका नाहीं, असें इतर पाखरें समजतात. स्वजातीचें पाखरूं भुकेस बोलावितें आणि परजातीचें सावध पाखरूं भयाची समजूत घालितें. दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे थव्याचा संशय फिटतो.

आपल्याकडे असें परजातीचें पाखरूं कोणी मुद्दाम मांडीत नाहीं. तरी तें रोज आपल्या डोळ्यांसमोर असतें. नांगरामागून किंवा चरणाऱ्या गुरांच्या पायांमधून गायबगळे किडे टिपीत चालतात. त्यांस माणसाची भीति उरलेली नसते. बगळे मित्र आहेत, त्यांस हाकलूं नये; परंतु ज्या दिवशीं बीं पेरलें त्या दिवशीं बगळ्यांच्या संगतीनें होले व पारवे उतरले नाहींत ना, एवढें पाहावें, आणि बीं उघडें न राहतां मातीखालीं नीट झांकलें जाईल अशी काळजी घ्यावी.

रागाचें आमिष

भूक व भरंवसा यांखेरीज तिसरें आमिष रागाचें. फांसेपारधी लोकांची तित्तर धरण्याची जुनी रीत यावर उभी होती. पाळलेला नर तित्तर पिंजऱ्यांत ठेवून सभोंवार फांसे लावीत. तो आरवूं लागला कीं त्या भागांतला रानतित्तर, आपल्या हद्दींत परका आला असें समजून, भांडावयास धांवून येई व फांसांत सांपडे. येथें दाण्याचा संबंधच नाहीं.

घुबडाचेंही असेंच आहे. दिवसां उघड्यावर बसलेलें घुबड दिसलें कीं कावळे, कोतवाल, साळुंक्या व बुलबुल त्याच्याभोंवतीं जमून एकच कालवा करितात. म्हणून अनेक देशांत घुबडाची आकृति ठेवून कावळ्यांची शिकार केली जाई. आपल्या बाजारांत पाखरें पळविण्यासाठीं प्लास्टिकचें घुबड विकतात तें याच समजुतीवर. परंतु पाखरें मूर्ख नाहींत. पहिले दोनचार दिवस गोंधळ होतो. घुबड मान वळवीत नाहीं, जागा सोडीत नाहीं, हें कळलें कीं त्याचा धाक संपतो. असें घुबड लावावयाचें तर रोज जागा बदलावी, आणि ऐन गरजेचे दिवस संपतांच काढून ठेवावें.

शहाद्याचा रानपिंगळा

घुबडाची गोष्ट निघाली असतां आपल्या जिल्ह्याच्या एका पाखराची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रानपिंगळा हें लहान घुबड सातपुड्याच्या रानांत राहतें व दिवसांही हिंडतें. जेम्स डेव्हिडसन या पक्षिसंग्राहकानें १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत खानदेशांत त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर तें कोणासही खात्रीनें दिसलें नाहीं. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें मात्र आपण १९१४ सालीं गुजरातेंतील मांडवीजवळ एक मारिला असें सांगून त्याचें कातडें संग्रहांत ठेविलें होतें. पामेला रॅसमुसन या अमेरिकन विदुषीनें तपास केला तेव्हां तें कातडें डेव्हिडसनच्याच नमुन्यांतून चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेविलेलें आढळलें. त्या खोट्या चिठ्ठीमुळें शोध करणारांची दिशा चुकली होती. खऱ्या ठिकाणांचा माग काढीत रॅसमुसन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे शहाद्याजवळच्या रानांत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं बेन किंग यांच्या दृष्टीस तो पिंगळा पडला. ११३ वर्षांनीं तें पाखरूं पुन्हां सांपडलें! फसव्या पाखरानें केवळ पाखरेंच फसत नाहींत, विद्वानही फसतात, असें यावरून म्हणतां येईल.

शेतकऱ्यास या गोष्टीचें महत्त्व एवढेंच नाहीं. पिंगळे व घुबडें उंदरांचे शत्रु आहेत. अपशकुनी समजून त्यांस मारणें, किंवा शेतांत विष घातलेले दाणे टाकून पाखरें व उंदीर मारणें, म्हणजे फुकट राबणारा राखणदार आपल्या हातानें मारणें होय. विष खाल्लेला उंदीर घुबडानें खाल्ला तर घुबडही मरतें.

कायदा काय म्हणतो

मुंबई राज्यांत १९५१ सालीं रानटी जनावरें व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७२ सालीं देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. होले, तित्तर, पोपट, मोर, घुबडें हीं सर्व त्याच्या संरक्षणाखालीं आहेत. शिकार या शब्दांत केवळ मारणें येत नाहीं. विष घालणें, फांसा लावणें, जाळ्यांत धरणें, आमिष दाखविणें हेंही येतें. म्हणून पिंजऱ्यांतला तित्तर ठेवून रानतित्तर धरणें हाही गुन्हाच. पूर्वीं कावळा उपद्रवी प्राण्यांच्या यादींत होता. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच गेली, व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहे. पीकसंरक्षणासाठीं बंदुकीचा परवाना असला, तरी तो पाखरें मारण्याचा परवाना नव्हे. कोणतेंही पाखरूं फार उपद्रव देऊं लागलें तर वनखात्याकडे विचारणा करावी.

सर्व कबुतरें सारखीं नव्हेत हेंही सांगितलें पाहिजे. विहिरींच्या कपारींत व जुन्या इमारतींत घरटीं करणारा पारवा धान्य टिपतो. हिरव्या-पिवळ्या रंगाचा, पिवळ्या पायांचा हरियल हा वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें खाणारा. धान्याच्या शेताशीं त्याचें वैर नाहीं. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. दोहोंस एकच समजून हरियलावर दगड उचलणें हा अज्ञानाचा प्रकार होय.

राखणदारानें काय करावें

वरील सर्व विवेचनाचें सार एका वाक्यांत असें: शेतांत प्रथम उतरणारीं चारपांच पाखरें हींच पुढच्या थव्यासाठीं फसवीं पाखरें होतात. तीं निवांत चरूं लागलीं कीं बाकीच्यांस निमंत्रण गेलेंच. शंभर पाखरें बसल्यावर शंभर हाका मारण्यापेक्षां पहिलीं पांच बसण्यापूर्वीं एक हाक मारणें फलदायी असतें. यावरून पुढील गोष्टी निघतात.

पहिली : पाखरें सकाळीं उजाडतांच व सायंकाळीं ऊन उतरतांना जोरानें चरतात. माणूस दिवसभर मिळत नसेल तर या दोन वेळांस तरी माळ्यावर असावाच. दुपारी एखादा तास कमी राखला तरी चालेल. पहांटेचा चुकवूं नये.

दुसरी : दाणा दुधावर येण्याच्या आरंभापासूनच राखण सुरू करावी. थव्यास एकदां शेताची चटक लागली म्हणजे त्यास हुसकावणें कठीण. पहिल्या आठवड्याची मेहनत पुढील आठवडे वांचविते.

तिसरी : बुजगावणें, डबा, चकचकीत फीत, हीं साधनें आलटून पालटून वापरावीं. फीत वाऱ्यानें हलेल व चमकेल अशी, पीळ देऊन ताणावी. एकच वस्तु एकाच ठिकाणीं राहिली कीं ती झाडासारखी होते, आणि तिच्यावर बसलेला कावळा इतरांस निर्भयतेची ग्वाही देतो.

चौथी : उताणें पाखरूं पाहून थवा बिचकतो, हें वर सांगितलें. कावळ्यांचा उपद्रव असेल तेथें काळ्या कापडाचा, पंख लोंबणारा कावळा करून उंच काठीस उलटा टांगावा. यासाठीं खरा कावळा मारूं नये.

पांचवी : शेजाऱ्यांनीं शक्य तों एकाच सुमारास पेरणी करावी. एकट्याचें शेत आधीं किंवा मागून दुधावर आलें तर साऱ्या शिवारांतील पाखरें त्यावर लोटतात; सर्वांचें एकदम आलें तर नुकसान वांटलें जातें व राखणही वांटून घेतां येते. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे, गांवाचें आहे.

सहावी : जीं पाखरें हवीं आहेत त्यांस मात्र बोलवावें. हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हां इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे हेक्टरीं ५०, म्हणजे एकरीं सुमारें २०, पिकाच्या शेंड्यापेक्षां थोडे उंच लावावे. कोतवाल व साळुंक्या त्यांवर बसून अळ्या टिपतात. हरभरा पेरतांना बियांत मूठभर ज्वारी मिसळली तरी तिचीं ताटें पाखरांस बसावयास उपयोगी पडतात. दाणा भरणाऱ्या ज्वारीच्या शेतांत मात्र असे थांबे लावूं नयेत. तेथें कोतवालाऐवजीं होला व पोपट येऊन बसेल.

पाखरांशीं शेतकऱ्याचा संबंध निव्वळ वैराचा नाहीं. जें पाखरूं फाल्गुनांत कणीस फोडतें त्यांतलेंच एखादें श्रावणांत पिलांसाठीं किडे वेंचीत असतें. सगळ्यांस मारावें असें म्हणणारा हरभऱ्याच्या वेळीं पस्तावतो, आणि सगळ्यांस येऊं द्यावें असें म्हणणाऱ्याचें खळें रितें राहतें. कोणतें पाखरूं, कोणत्या महिन्यांत, कशासाठीं उतरतें, हें ओळखून एकास बोलवावें व दुसऱ्यास पहिल्याच हाकेंत वळवावें. यंदाच्या हंगामांत आठ दिवस पहांटे बांधावर उभें राहून आपल्या शेतांत पहिलें पाखरूं कोणतें व कोणत्या बाजूनें उतरतें, एवढें प्रत्येकानें पाहून ठेवावें. माळा कोठें बांधावा, हें त्यावरूनच ठरेल.