उलटत्या साखरेचा हिशेब

पाकात लिंबाचे चार थेंब पिळले की तो घट्ट झाल्यावरही त्यात साखर सहसा धरत नाही, कारण आम्लामुळे साखरेचा काही भाग पाण्याशी संयोग पावून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत फुटतो. या संथ घडामोडीचा वेग जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी याने १८५० मध्ये मोजला आणि कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे दाखवून दिले. अशा अभिक्रियेला प्रथम कोटीची अभिक्रिया म्हणतात, आणि शिल्लक साखरेला ज्या संख्येने गुणले असता वेग मिळतो तिला वेग स्थिरांक. पाणीही यात खर्ची पडते खरे, परंतु ते इतके मुबलक असते की त्याची घट हिशेबात धरावी लागत नाही.

साखर किती उरली हे द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडून कळते. साखर हे प्रतल उजवीकडे वळवते, फुटून झालेले मिश्रण डावीकडे. समजा, ध्रुवणमापीवर आरंभी अधिक २४ अंश, ३० मिनिटांनी अधिक १२ आणि सगळी साखर फुटल्यावर उणे ८ अंश अशा नोंदी मिळाल्या. चोविसाचे बारा झाले म्हणजे निम्मी साखर संपली, असे वाटणे साहजिक असले तरी गणित फसते ते इथेच, कारण अंतर शून्यापासून नव्हे, तर अखेरच्या उणे ८ पासून मोजायचे असते. ते आरंभी ३२ आणि अर्ध्या तासाने २० भरते. त्यांच्या गुणोत्तराचा, १.६ चा, नैसर्गिक लॉगरिदम ०.४७० असून त्याला ३० ने भागले की वेग स्थिरांक दर मिनिटाला सुमारे ०.०१५७ येतो. साखर मुळात किती ग्रॅम होती, हे कुठेही विचारावे लागले नाही, ही या पद्धतीची खरी खुबी. मात्र इतर वेळच्या नोंदींवरूनही हाच आकडा यायला हवा. तो सरकत राहिला, तर अभिक्रिया प्रथम कोटीची नाही किंवा तापमान स्थिर राखलेले नाही, असा संशय घ्यावा.

उरलेली साखर निम्मी होण्यास लागणारा वेळ म्हणजे अर्धायुकाल; दोनाचा नैसर्गिक लॉगरिदम, ०.६९३, वेग स्थिरांकाने भागला की तो सुमारे ४४ मिनिटे निघतो, आणि आरंभी साखर कितीही असली तरी तो बदलत नाही. ध्रुवणमापी शून्य अंश दाखवतो तेव्हा दोन अर्धायुकाल, म्हणजे सुमारे ८८ मिनिटे, उलटलेली असतात आणि पाव साखर अजून फुटायचीच असते.