एक बंद पडले तर?

कसबा पेठेत पत्ता शोधणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पाहुणा कसबा गणपतीपाशी रिक्षातून उतरतो आणि समोर दिसेल त्याला विचारतो. त्याला फणी आळी ठाऊक असते, पण आडनाव ठाऊक नसते. तो किराणा दुकानाकडे बोट दाखवतो. दुकान बंद असले, तर शेजारचा शिंपी सांगतो. तांबट आळीतले घर त्या आळीतल्या माणसाला विचारावे, व्यवहार आळीतले तिथल्याला. सगळी पेठ कुणा एकाच्या डोक्यात नसते; पण प्रत्येक आळी दोघा-तिघांना तरी पाठ असते. म्हणून एखादा गावाला गेला, तरी पाहुणा वाटेवरून परत फिरत नाही.

संगणकावर आपण एखादा शब्द टाकतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत हजारो मजकुरांतून हवा तो समोर येतो, तेव्हा पडद्याआड असेच काहीसे चाललेले असते. पुष्कळांची समजूत अशी, की कुठेतरी एक प्रचंड, कधीही न बिघडणारा संगणक बसलेला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तिथे साधे, बिघडणारे संगणक असतात आणि ते बिघडणार हे गृहीत धरूनच त्यांची मांडणी केलेली असते. माझी नोकरी सारी संगणकांच्या सहवासात गेली. पण या मांडणीतले शहाणपण मनापासून पटले ते निवृत्तीनंतर, पेठेतल्या जुन्या कागदांच्या निमित्ताने.

आधी एक साधा हिशेब करू. एक संगणक सरासरी तीन वर्षांतून एकदा बंद पडतो असे धरा. घरात ही गोष्ट कुणाच्या लक्षातही राहणार नाही. पण असे अकराशे संगणक एकत्र ठेवले, की सरासरी रोज एक बंद पडणार! गूगलच्या अभियंत्यांनी २००३ साली आपल्या यंत्रणेविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांच्याकडे पंधरा हजारांहून अधिक संगणक होते, आणि तेही बाजारात मिळतात तसे साधेच. महागडी, भरवशाची यंत्रे घेण्याऐवजी स्वस्त यंत्रे पुष्कळ घ्यायची आणि भरवसा मांडणीतून मिळवायचा, हे त्यांचे सूत्र होते.

पुण्याला यंत्रांचे असे एकत्र कुटुंब नवे नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो अनेक छोट्या प्रक्रियकांना एकाच कामाला जुंपूनच. तिथे मुख्य हेतू वेगाचा होता. शोधाच्या यंत्रणेत वेग तर हवाच. पण एक गडी आजारी पडला म्हणून पेरणी थांबली, असेही होता कामा नये.

शोध म्हणजे सूची

मुळात संगणक शोधतो कसा? प्रत्येक प्रश्नाला तो सगळे कागद उलगडत बसत नाही. त्याने सूची आधीच करून ठेवलेली असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. एस. एम. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द वेचून तिथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द, आणि तो कोणत्या ग्रंथात कुठे आला याची नोंद. संगणकाची शोधसूची म्हणजे हेच चिठ्ठ्यांचे कपाट. फक्त चिठ्ठी काढायला माणसाला लागणारी मिनिटे तिथे लागत नाहीत.

मराठीत या सूचीला एक जादा अभ्यास करावा लागतो. आपला ‘वाडा’ विभक्ती लागताच ‘वाड्यात’, ‘वाड्याचा’, ‘वाड्यापाशी’ होतो. यंत्राला हे चार वेगळे शब्द वाटतात. ते एकाच चिठ्ठीखाली आणायचे, तर शाळेत शिकलेले सामान्यरूप यंत्रालाही शिकवावे लागते.

हे सारे आम्हाला करावे लागले त्याचे कारण असे. आमच्या पेठेतले जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत आणि त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. राहणाऱ्यांना नळ, लिफ्ट, कोरड्या भिंती मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाडा उतरताना माळ्यावरची ट्रंकही उतरते आणि बहुधा रद्दीत जाते. तिच्यात जमाखर्चाच्या वह्या असतात, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे हिशेब असतात, सोयरिकीची टिपणे आणि मुंबईहून आलेली पत्रे असतात. आम्ही चार-पाच शेजाऱ्यांनी अशा कागदांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. मोडीतला मजकूर जाणकाराकडून देवनागरीत करून घेतला, बाकीचा टाइप केला, आणि शब्द टाकताच कागद सापडावा अशी सोय करायचे ठरवले.

त्यासाठी तीन वापरलेले संगणक घेतले. एक पेठेत माझ्या घरी, दुसरा मित्राकडे कोथरूडला, तिसरा भाचीकडे नाशिकला. मजकुराचे तीन भाग केले. पहिला व दुसरा भाग माझ्याकडे, दुसरा व तिसरा कोथरूडला, तिसरा व पहिला नाशिकला. आता यातला कोणताही एक संगणक मनातल्या मनात बंद करून पाहा. उरलेल्या दोघांत मिळून तिन्ही भाग शिल्लक राहतात. प्रश्न आला, की तिन्ही भागांकडे जातो, प्रत्येक भाग आपली उत्तम उत्तरे देतो, आणि ती एकत्र लावून वाचकासमोर येतात.

कर्ता कोण?

पण नकला झाल्या, की नवा पेच येतो. नवा कागद आला, किंवा जुन्यात दुरुस्ती झाली, तर शेवटचा शब्द कुणाचा? एकाला कर्ता नेमावे लागते. हे संगणक दर काही सेकंदांनी एकमेकांना ‘मी आहे’ असा निरोप पाठवत असतात. निरोप थांबला, की उरलेल्यांना वाटते, कर्ता गेला. समजा, दोनच संगणक आहेत आणि दोघेही धडधाकट आहेत, फक्त मधली तार तुटली आहे. दोघेही समजणार, की दुसरा गेला. दोघेही कर्ते होऊन बसणार. आणि एकाच घराच्या दोन वह्या वेगवेगळ्या लिहिल्या जाणार. तार जोडल्यावर खरी वही कोणती?

यावरचा उपाय आपल्याकडे म्हणीतच आहे: पाचामुखी परमेश्वर. ज्याच्या मागे बहुमत, तोच कर्ता. तिघांत दोघांचे, पाचांत तिघांचे. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हा विचार एका ग्रीक बेटावरच्या काल्पनिक विधिमंडळाच्या गोष्टीतून मांडला. तिथले सभासद मन मानेल तेव्हा येतात-जातात, तरी मंडळाचे दोन परस्परविरोधी ठराव होत नाहीत. कारण कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक सभासद सामाईक असतोच, आणि आधी काय ठरले ते तो सांगू शकतो. आमच्याकडेही एकटा पडलेला संगणक नवी नोंद घ्यायचे नाकारतो. त्याला ते कमीपणाचे वाटत नाही, हा यंत्रांचा मोठा गुण!

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने करून घेतली. ‘सापडले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोन संगणक एकदम बंद असतील, तर तिसऱ्याजवळ दोनच भाग असतात. अशा वेळी पडद्यावर स्पष्ट येते, की एक भाग आज पाहता आलेला नाही, पुन्हा यावे. आजोबांचे नाव शोधायला आलेल्या माणसाला खोटे ‘नाही’ सांगितले, तर तो पुन्हा कधी यायचा नाही.

नकला कुठे ठेवाल?

एक संगणक शंभरातला एक दिवस बंद असेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा संभव दहा हजारांत एक. मात्र ही आकडेवारी खरी केव्हा? दोघांची दुखणी वेगवेगळी असतील तेव्हा. एकाच खोलीत, एकाच विजेच्या तारेवर तीन संगणक ठेवले, तर दिवे जाताच तिघेही जातात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. तेव्हा ज्यांची कागदपत्रे एकाच घरात दोन ट्रंकांत होती, त्यांना दुसऱ्या ट्रंकेचा काय उपयोग? म्हणून तर आमचा तिसरा संगणक नाशिकला आहे.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि दूर दक्षिणेतली पोथी जिथे एकच पाठ देतात, तिथे तो पाठ जुना मानण्यास आधार मिळतो. कारण त्या दोन नकला एकमेकींपासून लांब राहिल्या. ग्रंथ टिकला तो असा गावोगावी विखुरला म्हणून.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. जोडलेल्या नकला या आज्ञाधारक असतात. एका ठिकाणी ‘पुसून टाक’ म्हटले, की सगळीकडे पुसले जाते. म्हणून आमची एक प्रत कशालाही न जोडलेली, लोखंडी कपाटात असते. आणि महिन्यातून एकदा आम्ही मुद्दाम एका संगणकाची वायर काढतो, शोध चालतो का ते पाहतो. न तपासलेला भरवसा हा भरवसा नसतोच.

आपल्या घरातही हे करता येईल, त्याला तीन संगणक लागत नाहीत. वडिलांची पत्रे, आजीच्या हातची पाककृतींची वही, घराण्याची वंशावळ यांची छायाचित्रे घ्या. एक प्रत घरात ठेवा, एक दुसऱ्या घरात, एक परगावी. कोणत्या कागदावर काय आहे, याची यादीही सोबत ठेवा. नाहीतर ठेवलेले असूनही ते सापडायचे नाही. आणि ज्या गोष्टी कुठल्याच कागदावर नाहीत, फक्त घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ठाऊक आहेत, त्यांची तर एकच प्रत आहे. सुरुवात तिथून करा.