सेल्फ संथ, ऑइल फस्त!

'ट्रॅक्टर लवकर स्टार्ट होत नाही आणि ऑइलही खातो' असं सांगितलं, की ठरलेलं उत्तर मिळतं : सेल्फ बदला, इंजिन काढा. बोनकोडे गावातल्या एका रोपवाटिकेच्या जुन्या, एका सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरला हेच उत्तर मिळालं होतं. पावसाळा तोंडावर, मालकाचे पैसे रोपांत अडकलेले. तेव्हा खर्चाआधी तपासणी करू म्हणून आम्ही तिघं हॉस्टेलवाले वर्कशॉपमधून मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज घेऊन पोचलो.

पहिला प्रश्न : इंजिन फिरतंच हळू, की जोरात फिरूनही पकडत नाही? डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. इंजिन संथ फिरलं तर तीच उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते. म्हणजे रिंग चांगल्या असूनही इंजिन पकडणार नाही.

इथे सेल्फ संथच फिरत होता. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब समजा; इथे दीड व्होल्टच्या वर आलं. फर्स्ट इयरचा ओहमचा नियम आठवा : १५० अँपिअर करंटला ०.०१ ओहमचा गंजसुद्धा दीड व्होल्ट खातो. खाडीकाठची दमट हवा, गंज चढणारच! केबलची टोकं सॅंडपेपरने घासली, बोल्ट आवळले, सेल्फ खणखणीत फिरला. नव्या सेल्फचा खर्च वाचला.

आता ऑइल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, थंड इंजिनचा पांढरा म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल. निळा धूर फक्त स्टार्ट करताना येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाइड आणि सीलवर. लोडवर सतत येत असेल, तर रिंग-लायनरवर. आधी पट्टीवर ऑइल जास्त भरलेलं नाही ना, आणि ब्रीदर तुंबलेला नाही ना, हे बघा. ब्रीदर बंद झाला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल वाट फुटेल तिकडे निघतं. आमचा ब्रीदर चिखलानं भरला होता. साफ केल्यावर धूर कमी झाला, पण लोडवर थोडा राहिलाच.

शेवटची टेस्ट : डिझेल बंद करून, इंजेक्टरच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन बघायचं. मग एक छोटा चमचा ऑइल आत सोडून पुन्हा बघायचं. रीडिंग उसळलं तर गळती रिंगमधून, जागचं हललं नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. ऑइल चमचाभरच, बरं का! ते दाबलं जात नाही, जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

आमचं रीडिंग उसळलं. म्हणजे रिंगचं काम खरंच आहे. गॅरेजवाल्याचं ते निदान बरोबर होतं. पण ट्रॅक्टर आता पटकन सुरू होतो, त्यामुळे मालकानं ठरवलं : पावसाळाभर रोज पट्टी बघून ऑइल भरायचं, हंगाम संपला की इंजिन उघडायचं. दोन तक्रारी एकत्र आल्या म्हणजे कारण एकच असेल असं नाही. पाना हातात घेण्याआधी मीटर लावा.