जिनसेंगचे कुळ आणि नावांचा घोळ

शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींत अश्वगंधेचा उल्लेख ‘इंडियन जिनसेंग’ असा केला जातो. त्यामुळे या दोन वनस्पती एकाच कुळातील असाव्यात, असा ग्राहकांचा समज होतो. वस्तुतः त्यांचे कुळ निराळे आहे.

जिनसेंगचे कुळ ‘अ‍ॅरालिएसी’. ‘अ‍ॅरालिया’ या प्रजातीच्या नावाला ‘एसी’ हा कुळवाचक प्रत्यय लागून हे नाव तयार झाले. या कुळात सुमारे दीड हजार जाती आहेत. छत्रीच्या काड्यांप्रमाणे एका बिंदूतून फुटणारे फुलोरे हे त्यांचे ठळक लक्षण. भिंतीवर चढणारी आयव्ही (हेडेरा) आणि शहरी बाल्कनीतील शेफ्लेरा ही त्याच कुळातील मंडळी. मनीप्लांट मात्र अळू-सुरणाच्या ‘अ‍ॅरेसी’ कुळातला. दोन्ही नावांतील साम्य केवळ उच्चारापुरते आहे.

जिनसेंगचे शास्त्रीय नाव ‘पॅनॅक्स जिनसेंग’. ‘पॅनॅक्स’ हे प्रजातीचे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. ‘सर्व व्याधींवर उपाय’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते आले आहे. कोरियात हे पीक सावलीत, थंड हवामानात घेतले जाते आणि उत्तम प्रतीच्या मुळांसाठी सहा वर्षे थांबावे लागते. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या उष्ण, कोरड्या भागात ते रुजणे अवघड. अश्वगंधेला मात्र असेच कोरडे हवामान मानवते.

अश्वगंधा, म्हणजेच आस्कंद, ही वांगी, टोमॅटो व मिरचीच्या ‘सोलॅनेसी’ कुळातील. तिचे शास्त्रीय नाव ‘विथानिया सोम्निफेरा’. ‘सोम्निफेरा’ म्हणजे निद्रा आणणारी. दोन्ही वनस्पतींची मुळे बलवर्धक म्हणून वापरली जातात, एवढ्यावरूनच हे बाजारी नाव रूढ झाले. घटकद्रव्ये मात्र भिन्न आहेत: जिनसेंगमध्ये जिन्सेनोसाइड्स, तर अश्वगंधेत विथॅनोलाइड्स. साहजिकच एकीविषयीचे संशोधन दुसरीला लागू पडत नाही.

अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून ‘जिनसेंग’ हे नाव केवळ पॅनॅक्स प्रजातीपुरते राखून ठेवले. त्यामुळे तेथे ‘सायबेरियन जिनसेंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वनस्पतीलाही ते नाव सोडावे लागले. ती अ‍ॅरालिएसी कुळातीलच, पण तिची प्रजाती वेगळी आहे.

औषध विकत घेताना वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतील नावापेक्षा बारीक अक्षरांतील शास्त्रीय नाव वाचावे. नियमित औषधे घेणाऱ्यांनी तर तेच नाव आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच निर्णय घेणे हितावह ठरेल.