रूळ दोन फुटांचे, केबिन किती?

दार्जिलिंगचं वाफेचं इंजिन पाहिलं की हमखास विचारलं जातं, "रूळच दोन फुटांचे, मग आत माणूस मावतो कसा?" पण रुळांमधलं अंतर चाकांना बांधतं, केबिनला नाही. केबिन दोन्ही अंगांनी रुळांच्या बरीच बाहेर येते; किती यावी, हे तोल आणि वळणं ठरवतात. आपल्या माथेरानच्या गाडीचेही रूळ दोन फुटांचेच, तिचे डबे तरी कुठं तेवढे अरुंद आहेत?

बाजूंनी उघडी केबिन म्हणजे पत्र्यात केलेली काटकसर, हाही असाच एक समज. भट्टीचं तोंड केबिनमध्येच उघडतं, तेव्हा वारा खेळायलाच हवा. शिवाय घाटात गाडी झेड वळणांवर उलटी ढकलावी लागते आणि ड्रायव्हरला बाहेर झुकून मागं बघावं लागतं. धगीकडं दुर्लक्ष झालं की काय होतं, ते टास्मानियात दिसलं. तिथं १९०९ साली गेलेलं के-१ हे जगातलं पहिलं गॅरट इंजिन (एका बॉयलरला पुढं-मागं चाकांचे आणि सिलिंडरांचे दोन संच असलेलं), तेही दोन फुटी रुळांवरचं. त्याचे मागचे सिलिंडर नेमके केबिनखाली आले. समोर भट्टी, पायाखाली वाफ! नंतरच्या बहुतेक गॅरट इंजिनांत सिलिंडर बाहेरच्या टोकांना गेले.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे इंजिन चालवणारे सगळे केबिनमध्येच असतात. दार्जिलिंगच्या 'बी' वर्गाच्या इंजिनाला, जे शार्प, स्टुअर्ट कंपनीनं १८८९ पासून बनवलं, चारच चाकं. केबिनच्या मागं कोळशाची पेटी जोडली असती, तर तो भार चाकांच्या पलीकडं लोंबकळला असता. म्हणून कोळसा केबिनच्या पुढं ठेवला. त्याचं वजन चाकांवर पडतं आणि चढावर पकड मिळते. पण मग ढेकळं फोडायला एक माणूस बाहेरच, त्या कोळशावर बसतो. धावत्या इंजिनावर हातोडा चालवायचा आणि फोडलेला कोळसा आत फायरमनकडं सरकवायचा, हे त्याचं काम. फोटोत त्याला हौशी प्रवासी समजणारे भेटतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. त्याच्याशिवाय भट्टीला नीट कोळसा मिळणार नाही.

अगदी पुढं, बफरजवळ, आणखी दोघं असतात. रूळ ओले झाले की त्यांनी हातानं वाळू टाकत राहायचं, नाहीतर चढावर चाकं जागीच फिरतात.